नळी नाही, पण सूर आहे!

तुमच्या घराची भिंत जमिनीपासून छतापर्यंत साधारण दहा फूट असते. अशा तीन भिंती एकावर एक रचल्या आणि वर आणखी दोन फूट टाकले, की झाले बत्तीस फूट. आता एवढ्या उंचीची एक बासरी डोळ्यांसमोर आणा. ती उभी करायलाच तीन मजली इमारत लागेल. आणि फुंकायला? अख्ख्या वर्गाने गाल फुगवून जोर लावला, तरी ती ढिम्म वाजायची नाही.

थापा मारत नाही. बत्तीस फुटी नळ्या खरोखर असतात. युरोपातल्या काही मोठ्या चर्चमध्ये ऑर्गन नावाचं अवाढव्य वाद्य असतं, त्याच्या पोटात त्या उभ्या असतात. पण आजची गोष्ट या नळ्यांची नाही. ही गोष्ट आहे एका उपद्व्यापी पाद्रीबाबाची, ज्याने ठरवलं की एवढी मोठी नळी बनवायचीच नाही, आणि तरी तिचा सूर मात्र लोकांना ऐकवायचा!

आधी ऑर्गन म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे संगीत नाटकांत पायाने भाता मारून जो ऑर्गन वाजवायचे, तो यातला धाकटा. त्याच्या पोटात नळ्या नसतात, पितळेच्या पट्ट्या असतात. चर्चमधल्या थोरल्या ऑर्गनमध्ये मात्र नळ्याच नळ्या. शेकडो, कधी कधी हजारो! काही लाकडाच्या, काही शिसं आणि कथील मिसळून केलेल्या. एक नळी एकच सूर देते, म्हणून इतक्या लागतात. वाजवणाऱ्यासमोर हातांनी दाबायच्या पट्ट्यांचे दोन, तीन, चार मजले, आणि पायांसाठी खाली लाकडी पट्ट्या निराळ्याच. कुठल्या नळ्यांना वारा द्यायचा हे ठरवायला बाजूला खुंट्या. वीज नव्हती तेव्हा हा वारा यायचा मोठमोठ्या भात्यांतून, आणि ते भाते माणसं पायांनी दाबत. जर्मनीत त्या माणसांना ‘काल्कांट’ म्हणत. पुढे वाजवणाऱ्याचं नाव गाजायचं आणि मागे काल्कांट घामाघूम व्हायचे. कुणी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

आता थोडा हिशेब. नळी जितकी लांब, तितका सूर खालचा. आठ फुटांच्या उघड्या नळीतली हवा सेकंदाला साधारण ६४ वेळा थरथरते. नळी दुप्पट केली, सोळा फुटांची, की थरथर निम्मी होते, म्हणजे ३२. बत्तीस फुटांची केली की फक्त १६. माणसाचा कान साधारण सेकंदाला २० थरथरींच्या खाली नीट ऐकत नाही. म्हणजे बत्तीस फुटी नळीचा सर्वांत खालचा सूर कानापेक्षा छातीला आणि बसलेल्या बाकालाच जास्त कळतो. सगळं चर्च हलल्यासारखं वाटतं. पण अशी नळी म्हणजे धातूचा किंवा लाकडाचा डोंगर, वर कारागिरांची मजुरी, आणि ठेवायला जागा! लहान गावातल्या चर्चने एवढा पैसा आणायचा कुठून?

इथे आपल्या पाद्रीबाबाचा प्रवेश होतो. नाव गेओर्ग योझेफ फोगलर. जन्म १५ जून १७४९, जर्मनीतल्या वुर्झबुर्ग गावचा. वडील व्हायोलिन बनवायचे, त्यामुळे लाकूड, सरस आणि सूर हे तिन्ही घरचेच. मोठा होऊन तो मानहाइम शहरी गेला. तिथला राजा कार्ल थिओडोर संगीतवेडा होता आणि त्याच्या दरबारचा वाद्यवृंद सगळ्या युरोपात नावाजलेला. राजाने या हुशार तरुणाला १७७३च्या सुमारास शिकायला इटलीला धाडलं, खर्चासकट.

बोलोन्या शहरात पाद्रे मार्तीनी नावाचे थोर गुरुजी होते. फोगलरचं त्यांच्याकडे फार दिवस जमलं नाही. मग तो पादुआला गेला, वाल्लोत्ती गुरुजींकडे. हे वाल्लोत्ती तिथल्या संत अँथनींच्या भव्य चर्चमध्ये संगीताचे प्रमुख होते. गोव्यात ज्यांच्या नावाची कितीतरी चर्चं आणि कपेलं आहेत ना, तेच हे सांत आंतोन! त्याच चर्चमध्ये तार्तिनी नावाचा एक व्हायोलिनवादक वर्षानुवर्षं वाजवत असे. फोगलर पोहोचला त्याच्या थोडंच आधी, १७७०मध्ये, तार्तिनी वारला होता. पण तो एक गंमत मागे ठेवून गेला होता. व्हायोलिनच्या दोन तारा एकदम जोरात वाजवल्या की कधी कधी तिसराच सूर ऐकू येतो, दोघांपेक्षा खालचा! तो कुठल्याच तारेवर वाजत नसतो. तार्तिनीने १७५४च्या आपल्या पुस्तकात या ‘तिसऱ्या सुरा’बद्दल लिहिलंसुद्धा होतं. फोगलरच्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो इथेच, असा माझा अंदाज आहे.

तिसरा सूर येतो कुठून? एक मैत्रीण गाठा आणि दादरा मोजा: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. तुम्ही एक आणि चारवर टाळी द्या. मैत्रिणीने एक, तीन आणि पाचवर द्यायची. दोघी न थांबता चालू ठेवा. तुमच्या दोन टाळ्या, तिच्या तीन, पण दोघींची टाळी एकत्र कुठे पडते? फक्त ‘एक’वर. प्रत्येक आवर्तनात एकदाच, आणि तीच सगळ्यांत जोरात ऐकू येते. डोळे मिटून ऐकणाऱ्याला तुमची लय कळेल, तिची कळेल, आणि शिवाय दोघींपेक्षा संथ अशी तिसरी लय कळेल. ती तुम्हा दोघींपैकी कुणीच वाजवत नाही!

आता टाळ्यांच्या जागी थरथरी ठेवा. सोळा फुटांची नळी सेकंदाला ३२ वेळा थरथरते. तिच्या जोडीला १० फूट ८ इंचांची नळी लावा, ती ४८ वेळा थरथरते. ३२ आणि ४८ म्हणजे दोनास तीन, तुमचा दादराच! दोघींची गाठ पडते सेकंदाला १६ वेळा. आणि १६ कुणाचे? बत्तीस फुटी नळीचे! गाणं शिकत असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. दोनास तीन हे सा आणि प यांचं नातं आहे. म्हणजे खाली सा आणि त्याच्यावर प एकदम वाजवला, की आणखी एक सप्तक खालचा सा फुकटात हजर.

यात आपल्या कानाचाही हात आहे बरं का. कान म्हणजे आवाज आत सोडणारं नुसतं भोक नाही. आतल्या शंखासारख्या भागात बारीक केसाळ पेशी असतात आणि त्या आलेल्या आवाजावर स्वतः हलतात, जोर लावतात. त्यामुळे दोन सूर आत गेले की कान स्वतःच त्यात नवे सूर मिसळतो. खोटं वाटतंय? तान्ह्या बाळांना नीट ऐकू येतं का हे तपासायची एक पद्धत याच गोष्टीवर चालते. बाळाच्या कानात बारीकसं बोंडूक बसवतात, त्यातून दोन सूर सोडतात, आणि त्याच बोंडकातला इवलासा मायक्रोफोन कान लावून बसतो. दोन सूर आत गेल्यावर वेगळाच तिसरा सूर बाहेर आला, तर बाळाच्या त्या पेशी कामाला लागल्या आहेत असं समजायचं. बाळ झोपलेलं असलं तरी चालतं. उलट झोपलेलंच बरं!

फोगलरला या पेशींबद्दल काही माहीत नव्हतं. पण सूर मिळतो एवढं त्याला पुरेसं होतं. तो म्हणाला, मग बत्तीस फुटांची नळी हवी कशाला? आणि तिथेच न थांबता तो पुढे म्हणाला, बाकीच्या तरी सगळ्या नळ्या कशाला? ऑर्गनच्या दर्शनी भागात नुसत्या शोभेच्या, न वाजणाऱ्या नळ्या असत, त्या काढा! एकाच पट्टीसरशी किणकिणत वाजणाऱ्या बारीक नळ्यांचे झुबके काढा! राहिलेल्या नळ्या देखणेपणासाठी डावी-उजवीकडे वाटण्याऐवजी उतरत्या उंचीने सरळ ओळीत लावा, म्हणजे वारा नेणारे मार्ग सोपे होतील. या पद्धतीला त्याने नाव दिलं ‘सुलभीकरण’. बर्लिनच्या मारियनकिर्शं या चर्चमध्ये योआखिम वाग्नर या नामांकित कारागिराने १७२०च्या दशकात बांधलेला ऑर्गन होता. १८०० सालाच्या आसपास फोगलरने त्यातल्या ढिगाने नळ्या उपसून काढल्या. जुन्या ऑर्गनवर जीव असणारी माणसं त्याबद्दल आजही त्याला माफ करत नाहीत. माझं मत विचाराल तर वाग्नरच्या ऑर्गनला हात लावायला नको होता. सुधारणाच करायची तर नव्या ऑर्गनवर करावी.

नवा ऑर्गनही त्याने केला होता म्हणा. नाव ठेवलं ‘ऑर्केस्ट्रियोन’. तो हॉलंडमध्ये तयार झाला आणि १७८९मध्ये अॅमस्टरडॅमला लोकांपुढे आला. हा ऑर्गन सुटा करून गावोगाव नेता यायचा! नऊ फूट लांब, नऊ फूट रुंद, नऊ फूट उंच अशा चौकोनी खोक्यात चार मजली पट्ट्या, पायपट्ट्या आणि सुमारे नऊशे नळ्या कोंबलेल्या. नळ्यांच्या भोवती झडपा होत्या. त्या उघडल्या की आवाज वाढायचा, मिटल्या की दबायचा. एरवी ऑर्गनच्या नळीचा आवाज कमी-जास्त करता येत नाही. फुंकर वाढवली तर सूरच बिघडतो. फोगलरने नळीला हातच लावला नाही, तिच्याभोवतीच्या पेटीचं दार हलवलं!

हे खोकं घेऊन, किंवा जिथे जाईल तिथल्या चर्चचा ऑर्गन मागून घेऊन, फोगलर युरोपभर कार्यक्रम करत हिंडला. चर्चमध्ये लोक प्रार्थनेच्या सुरांची सवय असलेले, आणि हा काय वाजवायचा? वादळ! आधी मेंढपाळांची मजा, मग ढग, मग गडगडाट. कधी समुद्रावरची लढाई, कधी बायबलमधल्या जेरिको शहराची भिंत कोसळते तो प्रसंग. गडगडाट काढण्यात शास्त्र आहे हं. खालच्या सप्तकातल्या शेजारशेजारच्या पट्ट्या एकदम दाबा. त्यांच्या थरथरींत थोडाच फरक असतो, त्यामुळे दोन्ही आवाज घडीत एकमेकांना उचलतात, घडीत एकमेकांना पाडतात, आणि सूर न राहता गुरगुर होते. आफ्रिकेतही तो जाऊन आला होता. तिथे घरांच्या गच्च्या करताना माणसं चुना चोपत चोपत गाणी म्हणतात, त्या गाण्याचाही तुकडा तो वाजवायचा. चुना चोपायचं गाणं चर्चच्या ऑर्गनवर! नाकं मुरडणारे तेव्हाही होतेच.

नाक मुरडणाऱ्यांत एक पोरगा फार नामांकित होता. वय एकवीस, नाव मोझार्ट. १७७७च्या हिवाळ्यात तो नोकरी शोधत मानहाइमला आला होता आणि फोगलर तिथे मोठ्या हुद्द्यावर होता. एकदा फोगलरने मोझार्टनेच रचलेली एक रचना समोर ठेवली आणि आधी न बघता धडाधड वाजवून टाकली. संथ भाग जलद, जलद भाग त्याहून जलद! मोझार्टने घरी वडिलांना पत्र लिहून यथेच्छ राग काढला. एवढ्या वेगात वाजवलं तर बघणाऱ्याला काही कळत नाही, मग चुका झाकता येतात, असा त्याचा सूर. फोगलरची बोटं चुकीची पडतात, डाव्या हाताचा अंगठा भलतीकडे जातो, हेही त्याने लिहून ठेवलं. हे पत्र जपून राहिलं आणि फोगलर बिचारा अडीचशे वर्षं त्या अंगठ्यासाठी बोलणी खातो आहे.

पण सगळेच तसे नव्हते. १७८६मध्ये स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याने त्याला स्टॉकहोमला बोलावून घेतलं. दरबारचं संगीत सांभाळायचं आणि राजपुत्राला शिकवायचं, असं काम. मधल्या फिरत्या सोडल्या तर १७९९पर्यंत त्याचा तिथे मुक्काम होता. तिथे त्याने चर्चसाठी एक छोटंसं भजन बांधलं, ‘होसियाना’ नावाचं. वादळं, लढाया, कोसळत्या भिंती सगळ्या विसरल्या गेल्या, पण नाताळच्या चार आठवडे आधीच्या रविवारी स्वीडनमधल्या चर्चमध्ये हे भजन आजही गातात. पोरंटोरंसुद्धा. पाठ असतं त्यांना. कुणी बांधलं, ते मात्र फार थोड्यांना ठाऊक.

शिकवण्यात त्याचा हात धरणारा विरळा. १८०३मध्ये व्हिएन्नात एका मैफलीत तो आणि थोर संगीतकार बेथोवन, दोघांनी ऐन वेळी सुचेल ते वाजवून दाखवलं. तिथे गेन्सबाखर नावाचा एक तरुण ऐकायला होता, त्याला फोगलरचंच जास्त आवडलं. पुढे हा गेन्सबाखर डार्मश्टाट गावी त्याचा शिष्य झाला. त्याच्या सोबत होते वेबर आणि मायरबेअर, आणि या दोघांनी पुढे ऑपेरा लिहून सगळा युरोप गाजवला. ६ मे १८१४ रोजी फोगलर डार्मश्टाटलाच वारला. तेव्हाही एक नवा ऑर्गन अर्धवट बांधून पडला होता.

त्याची युक्ती चालली का? अर्धी. फसवा सूर खऱ्या बत्तीस फुटी नळीइतका दमदार नसतो. बाक हलत नाही. पण जिथे पैसा नाही, जागा नाही, तिथे ऑर्गन बांधणारे आजसुद्धा सोळा फुटी नळीला ती १० फूट ८ इंचांची जोडीदारीण देतात आणि खुंटीवर बिनदिक्कत ‘३२’ लिहितात!

आणि आता धाकट्या ऑर्गनच्या पोटातल्या त्या पितळेच्या पट्ट्यांची गोष्ट. चीनमध्ये शंग नावाचं फार जुनं तोंडाने वाजवायचं वाद्य आहे. त्यात तशीच पट्टी, म्हणजे चौकटीत अडकवलेली पातळ जीभ असते. वारा आला की ती चौकटीला न आपटता मोकळी आत-बाहेर हलते आणि सूर निघतो. कोपनहेगनचे प्राध्यापक क्राट्झेनश्टाइन यांनी अशाच जिभा वापरून आ, ए, ई, ओ, ऊ असे मानवी स्वर काढणाऱ्या नळ्या केल्या आणि १७८०मध्ये रशियाच्या सेंट पीटर्सबर्गमधलं बक्षीस पटकावलं. फोगलरने त्या शहरात ऑर्गनमध्ये बसवलेल्या अशा जिभा पाहिल्या आणि तो हरखलाच. तिथला राकविट्झ नावाचा कारागीर गाठून त्याने आपल्या ऑर्केस्ट्रियोनमध्ये त्या बसवून घेतल्या आणि जिथे जाईल तिथे ऑर्गनवाल्यांना त्यांचं वेड लावलं. त्याच्यासारख्यांच्या नादाने युरोपात अशा जिभांची नवनवी वाद्यं निघत गेली. पॅरिसच्या दबँ नावाच्या माणसाने १८४०च्या सुमारास त्यातल्या एकाला नाव दिलं ‘हार्मोनियम’. तीच पुढे बोटीतून भारतात आली, पाय सोडून मांडी घालून बसली, आणि तिची झाली आपली पेटी. भजनात, कीर्तनात, लावणीत, नाट्यगीतात, कुठे नाही ती?

तर पेटी घरात असेल, किंवा शेजारच्या भजनी मंडळात असेल, तर आधी विचारून तिच्यासमोर बसा. पांढरी एक हा सा धरा. अगदी उजवीकडच्या, वरच्या सप्तकात जा. तिथला सा आणि प एकदम दाबा आणि भाता भरपूर मारा. आता कान त्या दोन सुरांवरून काढून घ्या आणि त्यांच्या खाली काही आहे का ते शोधा. मधल्या सप्तकातला सा पुसटसा ऐकू येतो का? मग प सोडा. तो सा गेला? पुन्हा दाबा. आला? पहिल्या फेरीत सापडला नाही तर खोलीतला पंखा बंद करा, पेटीच्या जवळ जा आणि भात्याला आणखी जोर लावा. पेटी नसेलच, तर दोन शिट्ट्या घ्या, थोड्या वेगळ्या आवाजाच्या. मैदानावर दोघांनी शेजारी उभं राहून एकदम जोरात फुंकायच्या. शिट्ट्यांच्या चिरक्या आवाजाखाली कानातच काहीतरी घोंघावायला लागेल. एकाने फुंकायचं थांबवलं, की घोंघाट गायब.

शिट्ट्यांचा प्रयोग दुपारी मोठी माणसं झोपलेली असताना नको. तेवढं सांभाळा.